पायथनमधून डायनॅमोडीबीत एक नोंद जाते, तेव्हा नेमकं काय होतं?

२० ऑक्टोबर २०२५. महाराष्ट्रात त्या दिवशी नरकचतुर्दशी होती. अभ्यंगस्नान आणि फराळ उरकून लोक मोबाइल घेऊन बसले होते, आणि दुपारी सव्वाबाराच्या सुमारास एकामागून एक ॲप रुसायला लागली. स्नॅपचॅट, सिग्नल, कॅनव्हा, ड्युओलिंगो, रोब्लॉक्स. वरवर पाहता यांचा एकमेकांशी काही संबंध नाही. पण सगळ्यांचा काही ना काही कारभार अमेझॉनच्या व्हर्जिनियातल्या डेटा सेंटरांवर चालतो. त्या दिवशीच्या बातम्यांत एक नाव सारखं येत होतं: डायनॅमोडीबी. ज्यांचा संगणकाशी पोटापाण्याचा संबंध नाही, त्यांनी ते बहुधा पहिल्यांदाच वाचलं असेल.

हे प्रकरण आहे तरी काय, आणि पायथनसारख्या प्रोग्रामिंगच्या भाषेत चार ओळी लिहून त्याच्याशी बोलायचं म्हणजे काय होतं, ते पाहू. एक गोष्ट आधीच सांगून ठेवतो, कारण पुढचं सगळं तिच्यातूनच निघतं. पायथनमधली ती ओळ दिसायला अगदी घरगुती दिसते; हातातल्या यादीत एक नाव वाढवावं इतकी साधी. प्रत्यक्षात ती एक विनंती असते. दूरच्या यंत्राकडे जाणारी, जिचे पैसे लागतात अशी, आणि कधीकधी वाटेत हरवणारी.

त्या दिवशी बिघडलं काय होतं?

डायनॅमोडीबी ही अमेझॉनची भाड्याने मिळणारी डेटाबेस सेवा. जानेवारी २०१२ मध्ये ती सुरू झाली. यंत्र विकत घ्यायचं नाही, त्यावर काही बसवायचं नाही. खातं उघडायचं, टेबल करायचं आणि जितकं लिहाल-वाचाल तितके पैसे द्यायचे. तिची पाळंमुळं अमेझॉनच्याच दुकानात आहेत. २००४ च्या सणासुदीच्या खरेदीत त्यांचे नेहमीचे डेटाबेस गर्दीखाली दबले, त्यातून त्यांनी ‘डायनॅमो’ नावाची अंतर्गत यंत्रणा उभी केली आणि २००७ मध्ये तिच्यावर शोधनिबंध प्रसिद्ध केला. पुढे त्याच विचारांवर ही सेवा आली. २०२४ च्या प्राइम डे सेलमध्ये अमेझॉनच्या स्वतःच्या कामासाठी तिने ऐन गर्दीत सेकंदाला १४ कोटी ६० लाख विनंत्या हाताळल्या.

आणि अशी ही यंत्रणा पडली कशी? तर साठवलेला डेटा जागच्या जागी होता. हरवला होता पत्ता. इंटरनेटवर आपण नावाने हाक मारतो, पण यंत्रं एकमेकांना आकड्यांच्या पत्त्याने ओळखतात. नावावरून पत्ता शोधून देणाऱ्या व्यवस्थेला डीएनएस म्हणतात. व्हर्जिनियातल्या डायनॅमोडीबीच्या नावापुढचे पत्ते सतत अद्ययावत ठेवणारे स्वयंचलित प्रोग्राम आहेत. त्यातला एक त्या दिवशी विलक्षण रेंगाळला. ‘माझ्याकडची पत्त्यांची यादी आधीच्यापेक्षा नवी आहे ना?’ ही तपासणी त्याने सुरुवातीलाच केली होती, पण यादी प्रत्यक्ष लावेपर्यंत दुसऱ्या प्रोग्रामने आणखी नवी यादी लावलीही होती. रेंगाळलेल्याने त्यावर आपली जुनी यादी चढवली. तेवढ्यात दुसऱ्याने जुन्या याद्यांची साफसफाई सुरू केली आणि नेमकी ती यादी पुसली. नाव राहिलं, पुढे पत्ता एकही नाही.

आपल्या वेळेनुसार दुपारी तीनच्या सुमारास डायनॅमोडीबी परत सापडू लागली. तिच्यावर विसंबलेल्या बाकीच्या सेवा रुळावर यायला दुसऱ्या दिवसाची पहाट उजाडली. तपासणी आणि कृती यांच्यामध्ये वेळ गेला, म्हणून हे घडलं. हा प्रकार लक्षात असू द्या. पुढे दुधाच्या हिशेबात तो पुन्हा भेटणार आहे.

दस्तऐवजी डेटाबेस म्हणजे काय?

एडगर कॉड यांनी १९७० मध्ये मांडलेल्या पद्धतीत माहिती आखीव तक्त्यांत ठेवतात. सभासदांचा एक तक्ता, दुधाचा दुसरा, दराचा तिसरा. मग एसक्यूएल या भाषेत प्रश्न विचारून तक्ते एकमेकांशी जोडायचे. दस्तऐवजी डेटाबेसमध्ये एका गोष्टीची सगळी माहिती एकाच नोंदीत राहते, आणि प्रत्येक नोंदीत तेच रकाने असायला हवेत असंही नाही.

एखाद्या गावातलं दूध संकलन केंद्र घ्या. एका खेपेची नोंद अशी: सभासद क्रमांक, तारीख, वेळ, गाय की म्हैस, लिटर, फॅट, एसएनएफ (फॅट सोडून दुधातले बाकीचे घन पदार्थ), दर, रक्कम. एखाद्या दिवशी दूध नासकं निघालं तर त्या एकाच नोंदीत ‘नाकारण्याचं कारण’ असा रकाना वाढवायचा. बाकीच्या हजारो नोंदींना धक्का लागत नाही. नोंदीच्या आत यादी, यादीच्या आत आणखी नोंदी असंही चालतं. मोठी मर्यादा ही: एक नोंद ४०० केबीच्या पुढे जाता कामा नये.

ही मोकळीक ऐकायला छान वाटते, पण तिची दुसरी बाजू लगेच सांगायला हवी. एका गड्याने स्क्रिप्टमध्ये, म्हणजे आपल्या छोट्या प्रोग्राममध्ये, ‘फॅट’ लिहिलं आणि दुसऱ्याने ‘फ्याट’, तर डायनॅमोडीबी दोन्ही मुकाट्याने घेते. ती फक्त किल्ली तपासते. बाकी रकान्यांचं शुद्धलेखन, लिटरच्या जागी चुकून आलेला ऋण आकडा, रिकामा दर, यातलं काहीही तिच्या लेखी चूक नाही. तक्त्यांच्या डेटाबेसमध्ये जो पहारा फुकट मिळतो, तो इथे तुमच्या पायथनने द्यायचा.

किल्लीचे दोन भाग

डायनॅमोडीबीत प्रत्येक नोंदीला किल्ली असते आणि बहुतेक वेळा तिचे दोन भाग असतात. पहिला भाग नोंद कुठल्या कप्प्यात जाईल हे ठरवतो. त्याला पार्टिशन की म्हणतात. दुसरा भाग त्या कप्प्यात तिचा क्रम ठरवतो. ती सॉर्ट की.

टपालाच्या पिन कोडचा विचार केला की हे चटकन समजतं. श्रीराम भिकाजी वेलणकर यांच्या कल्पनेतून १५ ऑगस्ट १९७२ रोजी ही सहा आकडी पद्धत देशात लागू झाली. पिन कोड असला की पत्र थेट योग्य पोस्टात जातं, तिथला पोस्टमन पुढचं घर शोधतो. पण कुणी म्हणालं, ‘देशभरातल्या सगळ्या कुलकर्ण्यांना हे द्या’, तर प्रत्येक पोस्टाचं दार ठोठावण्याशिवाय इलाज नाही. पार्टिशन की हा तुमचा पिन कोड. ती दिलीत तर टेबलात हजार नोंदी असोत की शंभर कोटी, उत्तर काही मिलीसेकंदांत येतं. नाही दिलीत तर सगळी दारं ठोठावा. फरक इतकाच की शेजारशेजारचे पिन कोड शेजारच्या गावांचे असतात, तर इथे किल्लीवर गणिती प्रक्रिया करून कप्पा ठरतो, त्यामुळे सभासद १०१ आणि १०२ यांच्या नोंदी कुठल्या कुठे पडू शकतात. तसं मुद्दाम केलंय. सगळी गर्दी एकाच कप्प्यावर पडू नये म्हणून.

पायथन यात कुठे येतं?

पायथनसाठी अमेझॉनने दिलेल्या लायब्ररीचं, म्हणजे आयत्या कोडच्या संचाचं, नाव बोटो-थ्री. स्क्रिप्टच्या सुरुवातीला ती मागवायची, कोणत्या विभागातलं (म्हणजे कुठल्या ठिकाणच्या डेटा सेंटरांतलं) कोणतं टेबल ते सांगायचं आणि मग मोजक्या क्रिया वापरायच्या: नोंद ठेवा, नोंद आणा, नोंदीत बदल करा, काढून टाका, एका कप्प्यातल्या ओळीने नोंदी द्या. शेवटच्या क्रियेचं नाव क्वेरी, आणि रोजच्या कामाचा मोठा भाग तिच्यावरच निघतो. पायथनचा डिक्शनरी हा प्रकार (नाव आणि त्यापुढची किंमत अशा जोड्यांची यादी) आणि इथली नोंद एकमेकांशी इतके जुळतात की नवशिक्यालाही अर्ध्या तासात पहिली नोंद ठेवता येते.

पण पडद्यामागे बोटो-थ्री तुमची डिक्शनरी ठरलेल्या मसुद्यात बसवते, तिच्यावर तुमच्या गुप्त चावीने सही करते, आणि सुरक्षित वेबजोडणीवरून ती पाठवून उत्तराची वाट पाहते. ‘कोणता विभाग’ हा प्रश्न म्हणूनच क्षुल्लक नाही. इंटरनेटवरच्या असंख्य धड्यांत व्हर्जिनियाचा विभाग लिहिलेला असतो. तो जसाच्या तसा उतरवला की सांगलीतल्या दुधाची नोंद अटलांटिकपलीकडे जाऊन येते आणि प्रत्येक फेरीला दोनशे मिलीसेकंदांच्या आसपास वेळ खाते. अमेझॉनचा मुंबई विभाग २०१६ पासून आहे, हैदराबादचा २०२२ पासून. टेबल इथेच करा. नंतर विभाग बदलायचा म्हणजे सगळा डेटा हलवायचा.

सहीच्या चावीबद्दलही इथेच सांगतो. ती स्क्रिप्टमध्ये लिहू नका. गिटहब या प्रोग्राम ठेवायच्या संकेतस्थळावर चुकून टाकलेल्या चाव्या हुडकणारे प्रोग्राम अष्टौप्रहर फिरत असतात, आणि चावी सापडली की तुमच्या खर्चाने दुसऱ्याचं काम सुरू होतं. चावी वेगळ्या फाइलमध्ये किंवा सर्व्हरलाच नेमून दिलेल्या परवानगीतून (तिला ‘रोल’ म्हणतात) द्या, आणि तिला फक्त त्या एका टेबलावर लिहिण्या-वाचण्याचीच मुभा ठेवा. टेबल पुसण्याचा अधिकार केंद्रावरच्या संगणकाला कशाला हवा?

प्रश्न आधी, टेबल नंतर

एसक्यूएलवाल्यांना सवय असते की आधी माहिती नीट मांडायची, प्रश्न पुढे सुचतील तसे विचारायचे. इथे उलटं करावं लागतं. केंद्राच्या सचिवांना रोज काय विचारायचं असतं? ‘अमुक सभासदाचं गेल्या दहा दिवसांचं दूध द्या, बिल काढायचंय.’ तर मग सभासद क्रमांक ही पार्टिशन की, तारीख आणि वेळ मिळून सॉर्ट की. एक क्वेरी, या तारखेपासून त्या तारखेपर्यंत, वीस नोंदी, काम झालं.

सॉर्ट कीमध्ये तारीख लिहिताना वर्ष आधी, मग महिना, मग दिवस. आपल्या सवयीप्रमाणे दिवस आधी लिहिलात तर सगळ्या महिन्यांच्या १ तारखा एकत्र येतील आणि दहा दिवसांची सलग मागणी करताच येणार नाही. आणखी एक मराठी खोच: तारखेपुढे ‘सकाळ’ आणि ‘संध्याकाळ’ असं लिहिलंत तर संध्याकाळ आधी येते! कारण क्रम अक्षरांच्या अंतर्गत क्रमांकांवरून लागतो, आणि ‘स’ नंतरच्या अनुस्वाराचा क्रमांक ‘क’च्या आधी आहे. तेव्हा १ आणि २ लिहा, आणि शब्द पडद्यावर दाखवताना वापरा.

आता दुसरा प्रश्न. ‘आज केंद्रावर एकूण किती दूध आलं?’ हा सभासदाच्या किल्लीने सुटत नाही. त्यासाठी त्याच नोंदींची वेगळ्या किल्लीने लावलेली दुसरी प्रत ठेवता येते, तिला ग्लोबल सेकंडरी इंडेक्स म्हणतात. तारीख ही तिची पार्टिशन की. मूळ टेबलात लिहिलं की ही प्रत आपोआप भरते, मात्र त्या लिखाणाचे वेगळे पैसे लागतात. मग तारीखच मूळ किल्ली का करू नये? एका केंद्रापुरती ती चालेलही. पण हजारो केंद्रांचा संघ असेल तर सकाळी सहा वाजता सगळ्यांचं लिखाण ‘आज’ या एकाच कप्प्यावर आदळेल, आणि एका कप्प्याला सेकंदाला साधारण १,००० लहान नोंदींपेक्षा जास्त पेलत नाहीत. वर ठरवलेल्या प्रतीलाही हाच नियम आहे, म्हणून मोठ्या संघाने तिच्यात तारखेसोबत केंद्र क्रमांकही घालावा.

‘सगळं वाचून गाळून घेतलं तर?’

ही सोय आहे, तिचं नाव स्कॅन. सगळं टेबल सुरुवातीपासून वाचायचं आणि हव्या त्या नोंदी ठेवायच्या. गाळणीची अटही विनंतीतच देता येते, आणि इथेच लोक फसतात. गाळणी वाचनानंतर लागते. बिल वाचलेल्याचं येतं, हाती आलेल्याचं नाही.

हिशेब करून बघू. ४०० सभासद, दोन वेळा दूध, म्हणजे दिवसाला ८०० नोंदी आणि वर्षाला २,९२,०००. एक नोंद ३०० बाइटची धरली तर वर्षाचं टेबल साधारण ८५ एमबीचं. वाचनाचं बिल एककांत मोजतात, आणि एक एकक म्हणजे ४ केबी. तातडीची अचूकता नको असेल तर त्याच एककात ८ केबी मिळतात. सभासदाच्या वीस नोंदी किल्लीने मागितल्या तर खर्च एक एकक. त्याच वीस नोंदी स्कॅन आणि गाळणी लावून काढल्या तर दहा हजारांहून अधिक एककं. उत्तर शब्दशः तेच.

अर्थात एका केंद्राला दहा हजार एककंही फार महाग पडत नाहीत. नोव्हेंबर २०२४ मध्ये मागणीनुसारचे दर निम्मे झाल्यावर व्हर्जिनियात दहा लाख वाचन-एककांना ०.१२५ डॉलर आणि लिखाणाच्या दहा लाख एककांना ०.६२५ डॉलर असा दर झाला. मुंबईचे दर वेगळे आहेत. धोका वेगळाच असतो. कुणीतरी तो स्कॅन एका वेबपानाच्या मागे ठेवतो आणि पान उघडेल त्या प्रत्येकागणिक तो चालतो.

बिनचूक चालणारी चुकीची स्क्रिप्ट

क्वेरी असो वा स्कॅन, एका विनंतीत जास्तीत जास्त १ एमबी वाचलं जातं. पुढे काही शिल्लक असेल तर उत्तरासोबत ‘इथपर्यंत आलो’ अशी खूण येते, आणि ती पुढच्या विनंतीत परत द्यायची असते. नाही दिलीत तर? काहीही होत नाही. ना चूक, ना इशारा. मिळाल्या तेवढ्याच नोंदी सगळ्या आहेत असं समजून स्क्रिप्ट बेरीज करते.

आपल्या ३०० बाइटच्या नोंदी १ एमबीत साधारण साडेतीन हजार बसतात. दिवसाला ८०० या हिशेबाने सगळ्या टेबलाची बेरीज करणारी स्क्रिप्ट पहिले चार दिवस चोख उत्तर देईल. चाचण्या झालेल्या असतील, सचिव खूश असतील. पाचव्या दिवसापासून काही दूध हिशेबातून गायब, आणि कळणार कधी? बिलं निघून कुणीतरी भांडायला आल्यावर. म्हणून खूण संपेपर्यंत फेऱ्या मारणारा लूप लिहा, नाहीतर बोटो-थ्रीमधली पॅजिनेटर ही सोय वापरा. ती हे काम आपणहून करते. या सगळ्या लेखातला एकच सल्ला घ्यायचा असेल तर मी म्हणेन, हा घ्या.

३.७ फॅट का नाकारलं?

नवशिक्याला पहिली आडकाठी बहुधा इथे येते. फॅट ३.७ लिहून नोंद पाठवली की बोटो-थ्री ती परत करते: दशांश आकडे असे चालणार नाहीत. कारण पायथनचा नेहमीचा दशांश आकडा आत द्विमान पद्धतीत असतो, आणि ३.७ त्यात तंतोतंत बसत नाही. पायथनला ०.१ आणि ०.२ यांची बेरीज विचारा, उत्तर ०.३०००००००००००००००४ येतं. डायनॅमोडीबी मात्र ३८ अंकांपर्यंत आकडा जसा लिहिला तसा जपते, आणि ही सरमिसळ तिच्यापर्यंत पोचू नये म्हणून बोटो-थ्री दारातच अडवते.

उपाय म्हणजे पायथनचा डेसिमल हा प्रकार. पण आकडा त्यात घालताना अवतरणात, म्हणजे मजकूर म्हणून घाला. अवतरणाशिवाय घातला तर आधीच घसरलेला आकडा त्याच्या लांबलचक शेपटीसकट आत जातो आणि पुन्हा नाकारला जातो. सुरुवातीला कटकट वाटते, हे खरं. पण ज्या हिशेबावर कुणाचं घर चालतं तिथे मला ही कटकट हवीच आहे.

उत्तर वाटेतच हरवलं तर?

सकाळची गर्दी आहे. सभासदाचं साडेबारा लिटर दूध घेतलं, नोंद पाठवली, आणि नेट गेलं. आता नोंद पोचली नाही, की पोचली पण तिचं उत्तर आलं नाही? इथे बसून ओळखायला मार्ग नाही. म्हणून बोटो-थ्री विनंती पुन्हा पाठवते, आणि तुमची स्क्रिप्ट बंद पडून परत सुरू झाली तर तीही पुन्हा पाठवेल.

नुसती नोंद ठेवायची असेल तर दोनदा पाठवून बिघडत नाही. किल्ली तीच, मजकूर तोच, दुसरी नोंद पहिलीच्या जागी बसते. बिघडतं ते बेरजेत. दिवसाच्या एकूण दुधाची एक वेगळी नोंद ठेवून ‘त्यात साडेबारा मिळव’ अशी विनंती केली असेल, तर दोनदा पोचल्यावर पंचवीस लिटर वाढतात. आधी वाचून बघावं म्हटलं, ‘नोंद आहे का? नसेल तरच मिळव’, तर वाचणं आणि मिळवणं यांच्या मध्ये दुसऱ्या खिडकीवरचा गडी घुसू शकतो. व्हर्जिनियात घडलं ते हेच. तपासलं तेव्हा बरोबर होतं, केलं तेव्हा नव्हतं.

डायनॅमोडीबीत यावर चांगला इलाज आहे. लिखाणासोबत अट पाठवता येते: ‘या किल्लीची नोंद आधीपासून नसेल तरच ठेव.’ तपासणी आणि लिखाण दोन्ही तिकडे, एकाच पावलात होतं. मध्ये कुणाला शिरायला फट नाही. त्यापुढे जाऊन अनेक क्रिया एका गठ्ठ्यात बांधता येतात, त्याला ट्रान्झॅक्शन म्हणतात. गठ्ठ्यात एक क्रिया अटीसह नोंद ठेवण्याची, दुसरी एकूण दुधात साडेबारा मिळवण्याची. पहिल्यांदा दोन्ही होतात. स्क्रिप्टने तीच विनंती नव्याने पाठवली तर अट मोडते, अख्खा गठ्ठा परत येतो, एकूण दूध जागचं हलत नाही. ही सोय २०१८ मध्ये आली, एका गठ्ठ्यात आता १०० क्रिया बसतात आणि खर्च दुप्पट लागतो. माझ्या मते पैशांच्या हिशेबात तो द्यावाच. (खरोखर चुकलेली नोंद दुरुस्त करायची असेल तर तिची वाट वेगळी ठेवा, ‘पुन्हा पाठवलं’ आणि ‘दुरुस्त केलं’ हे स्क्रिप्टने एकच समजता कामा नये.)

‘आत्ताच तर लिहिलं, मग जुनं का दिसतंय?’

प्रत्येक नोंदीच्या तीन प्रती तीन वेगळ्या इमारतींत असतात. बहुमताने लिहून झालं की तुम्हाला होकार मिळतो. मागे राहिलेली प्रत क्षणभरात गाठते. साधं वाचन तिन्हींपैकी कुठूनही होतं, म्हणून कधीतरी क्षणभर जुनं दिसतं. वाचताना ‘पक्कं वाचन हवं’ असं सांगता येतं, एककं दुप्पट लागतात. महिन्याचा तक्ता छापायला साधं वाचन पुरे. सभासदाची उचल देण्याआधी शिल्लक बघायची तर पक्कंच हवं. वेगळ्या किल्लीने लावलेल्या दुसऱ्या प्रतीवर (ग्लोबल सेकंडरी इंडेक्सवर) मात्र पक्कं वाचन मिळतच नाही. तिच्यावर विसंबून पैसे देऊ नका.

‘मराठीत साठवता येईल ना?’

येईल. रकान्याचं नावसुद्धा ‘लिटर’ असं देवनागरीत चालतं, फक्त बदलाच्या विनंतीत ते थेट न लिहिता टोपणनावाने द्यावं लागतं. देवनागरीचं प्रत्येक चिन्ह तीन बाइट घेतं, आणि रकान्यांची नावंही प्रत्येक नोंदीच्या आकारात मोजली जातात, तेव्हा लांबलचक नावं टाळलेली बरी.

खरी अडचण गावांच्या नावांत आहे. ‘कऱ्हाड’मधला अर्धा ‘र’ तीन प्रकारे टाइप होऊ शकतो: ‘ऱ’ हे एकच अक्षर वापरून, ‘र’खाली नुक्ता देऊन, किंवा ‘र’ला हलन्त देऊन पुढे न दिसणारं जोडचिन्ह घालून. पडद्यावर तिन्ही सारखे. डायनॅमोडीबीच्या लेखी तीन वेगळी गावं, कारण ती बाइट जुळवते, डोळ्यांनी बघत नाही. पायथनच्या युनिकोडडेटा या मॉड्यूलने पहिले दोन प्रकार एकरूप होतात. तिसरा तुम्हाला शोधून बदलावा लागतो. त्यापेक्षा किल्लीत गावाचं नाव घालूच नका, क्रमांक घाला.

‘एवढं सगळं करण्यापेक्षा साधं एसक्यूएल काय वाईट?’

काहीच वाईट नाही. एका केंद्राचं काम असेल, प्रश्न रोज बदलत असतील, ‘फॅट साडेतीनच्या खाली गेलेले म्हशीचे सभासद गाववार द्या’ अशी मागणी कधीही येत असेल, तर मी पोस्टग्रेस हा एसक्यूएलवर चालणारा डेटाबेस घेईन आणि डायनॅमोडीबीचं नाव काढणार नाही. तिला तक्ते जोडता येत नाहीत, बेरीज-सरासरी काढता येत नाही. न ठरवलेल्या प्रश्नावर ती स्कॅनशिवाय दुसरं काही सुचवत नाही. तिची जागा वेगळी आहे. प्रश्न मोजके आणि पक्के, विनंत्या प्रचंड, गर्दी अवेळी, आणि डेटाबेस सांभाळायला माणूस ठेवायची ऐपत किंवा इच्छा नाही, अशा ठिकाणी ती शोभते. हजारो केंद्रांच्या संघाला सकाळी सहा ते आठच्या रेट्यासाठी ती चोख बसेल. त्याच संघाच्या वार्षिक अहवालासाठी नाही.

‘उद्या सेवा पडली, किंवा बाहेर पडायचं झालं तर?’

मुंबईतलं टेबल व्हर्जिनियातल्या पत्त्यावर चालत नाही, म्हणून २० ऑक्टोबरसारख्या दिवशी ते चालू राहण्याची शक्यता बरीच. पण अमेझॉनच्या काही जागतिक सेवांची सूत्रं व्हर्जिनियात आहेत, त्यामुळे झळ अजिबात लागणार नाही असं धरू नका. टेबलाची प्रत दुसऱ्या विभागात चालती ठेवता येते, पैसे त्या मानाने वाढतात. केंद्रासाठी त्याहून स्वस्त आणि जास्त उपयोगी गोष्ट म्हणजे नोंद आधी तिथल्याच संगणकावर एका लहान फाइलमध्ये लिहायची आणि मग वर पाठवायची. नेट दोन तास गेलं तरी गायी थांबत नाहीत. आणि वर सांगितलेली अट लावली असेल तर साठलेल्या नोंदी नंतर निर्धास्त पाठवता येतात, दोनदा गेल्या तरी.

बाहेर पडणं मात्र जड आहे. डायनॅमोडीबी फक्त अमेझॉनकडे मिळते. किल्ल्या, अटी, गठ्ठे यांवर उभी केलेली स्क्रिप्ट दुसरीकडे न्यायची म्हणजे जवळजवळ नव्याने लिहायची. डेटा बाहेर काढता येतो, पण आधी एक कळ दाबावी लागते. पॉइंट-इन-टाइम रिकव्हरी नावाची सोय ३५ दिवसांपर्यंतच्या कुठल्याही क्षणाची स्थिती परत देऊ शकते, आणि सगळ्या टेबलाची फाइलरूपात निर्यातही तिच्यामुळेच होते. टेबल नवीन केलं की ती बंद असते. चालू करायला पायथनमध्ये एकच विनंती पुरते, तेव्हा टेबल तयार करणाऱ्या ओळीखाली, टेबल चालू होईपर्यंत थांबून, तीही लिहून टाका. त्याच ठिकाणी टेबल चुकून पुसलं जाऊ नये म्हणून असलेलं डिलीशन प्रोटेक्शनही लावा. सराव करायचा असेल तर यातलं काहीच लागत नाही: अमेझॉन स्वतःच डायनॅमोडीबीची एक छोटी आवृत्ती लॅपटॉपवर चालवायला फुकट देते. तिला ना बिल, ना खरी चावी, आणि पाच दिवसांच्या खोट्या नोंदी भरून आपली बेरीज साडेतीन हजारांवर अडते का, हे तिथे दहा मिनिटांत कळतं.